अंबुजाक्कांचे आयोडीन

अंबुजाक्का लग्नाला आल्या की वधूपिता आधी त्यांच्या पर्सकडे पाहतो आणि मग देवाकडे. केळीच्या पानावर पाल्कोवा पडताच अक्का पर्समधून आयोडीनची तपकिरी बाटली काढतात, त्या खव्यावर एक थेंब सोडतात आणि हात आवरून बसतात. थेंब पिवळसरच राहिला तर त्या जेवतात. काळानिळा झाला तर पंगतीत कोणीच धड जेवत नाही. तिरुभुवनमच्या एका लग्नात तसा तो झाला, तेव्हा त्यांनी आचाऱ्याला पानापाशी बोलावून घेतले.

"दूध आटवून केलेल्या कोव्यांत पीठ कोठून आलें? चालत आलें काय?"

आचाऱ्याने मुलीकडच्यांकडे पाहिले, मुलीकडच्यांनी माझ्याकडे. अक्कांना मी माझ्या गाडीतून आणले होते, एवढाच माझा अपराध.

कुंभकोणमात आमची मराठी घरे आता मोजकीच. अक्का आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. मुलींच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, परंतु परीक्षा घेण्याचे काही थांबले नाही. "अस्के चोर" हे त्यांचे आवडते वाक्य. 'अस्के' म्हणजे आमच्या घरगुती मराठीत सगळे, आणि अक्कांच्या या सगळ्यांतून तूपवाला सुटत नाही, हॉटेलवाला सुटत नाही आणि सरकार तर नाहीच नाही.

एवढ्या संतापाला केवळ अन्न पुरत नसे, म्हणून गल्लीतल्या मधुमेह्यांची लघवीही त्यांनी ताब्यात घेतली होती. घरोघरी रक्तशर्करा मोजणारी यंत्रे आली तरी अक्कांचा विश्वास बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणावरच. परीक्षानळीत ते घ्यायचे, वर लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरायची. निळे राहिले तर सुटका, हिरवे झाले तर ताकीद. माझे एकदा विटकरी झाले, म्हणजे साखर भरपूर. आदल्या दिवशी पाकातली जांगिरी खाल्ली का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो.

"राव, तुमची लघवी तुमच्याहून खरें बोलते," अक्का म्हणाल्या.

अशा बाईच्या चंबूतले दूध एका संध्याकाळी निळे झाले.

आमच्या गल्लीला दूध घालते ती सेल्वी. तिची एकच गाय, लक्ष्मी, आणि घर चालते ते तिच्यावरच. अक्का चंबू हातात धरून भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि दुधात पीठ कालवणाऱ्यांविषयी त्यांचे जे मत होते ते त्यांनी तमिळमध्ये सविस्तर सांगितले. सेल्वीने गाईच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. ती कोणी ऐकली नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्ली पिशवीच्या दुधावर गेली. इतकी वर्षे तिच्या दुधावर ज्यांची मुले वाढली, त्यांनी तिला एक प्रश्नही विचारू नये याचा मला मनस्वी राग आला. आमच्याकडे मात्र तिचेच दूध येत राहिले, कारण तिला नको म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

हे कळताच अक्का बाटलीसह आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. जाणूनबुजून भेसळ पिणारा सुशिक्षित मनुष्य त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता म्हणे. त्यांनी आमच्या दुधात थेंब टाकला. दूध पिवळसर राहिले. पुन्हा टाकला, तरीही तेच. गाय तीच, सेल्वीही तीच. अक्का बाटली घेऊन घरी निघाल्या आणि मला मागून येण्याची खूण केली.

घरी त्यांनी त्या चंबूत स्वच्छ पाणी घेतले आणि थेंब सोडला. पाणी निळे झाले.

"पेजेचा चंबू," त्या हळूच म्हणाल्या.

मी गोंधळलो. अक्कांच्या स्वतःच्या लघवीत साखर निघाल्यापासून या घरात भात शिजत नव्हता. मग पेज कोणासाठी? अक्का फरशीकडे पाहत म्हणाल्या,

"लक्ष्मी दुपारीं गल्लींत फिरते. अस्क्यांच्या दारीं तिला तांदुळाचें धुवण मिळतें. चपातीच्या घरीं गाय कशास थांबेल? म्हणून मूठभर तांदूळ शिजवतें. याच चंबूनें तिला पेज घालतें."

बाटलीतले औषध जुने झाले होते असे सांगून टाकावे, मी भीत भीत सुचवले. अक्का उसळल्या.

"औषध खोटें नव्हतें, राव. मी खोटी."

संध्याकाळी दुधाच्या वेळी त्यांनी दारोदार जाऊन गल्ली गोळा केली. सेल्वीचे दूध आधी धुतलेल्या पेल्यात तपासून दाखवले, मग स्वतःचा चंबू. आणि तो कशाने बाटला तेही, मूठभर तांदळासकट, सांगितले. मागून कोणीतरी हसले आणि गाईसाठी वेगळा स्वयंपाक करतां का अम्मा, म्हणून विचारले. एरवी अशा माणसाची अक्कांनी धडगत ठेवली नसती. आज त्यांनी चंबू पोटाशी धरला.

सेल्वीने त्यांच्या हातातून चंबू काढून घेतला, नळावर नेऊन चिंचेने खसखसून घासला, त्यात दूध मापले आणि तो परत त्यांच्या हाती दिला. मग शांतपणे म्हणाली, पेज तर लक्ष्मी दोन घोटांत संपवते, अम्मा. त्यानंतर तुमच्याच दारात बसून राहते. धारेच्या वेळी मला तिला तिथून ओढून न्यावे लागते.

अक्का दुपारी दार लावून झोपतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. दाराबाहेर गाय बसते, हे त्यांनाच ठाऊक नव्हते.

त्यांचा चेहरा लाल झाला. रागाच्या भरात त्या तमिळ विसरल्या.

"मग हें मला आधीं कां नाहीं सांगितलेंस?"