चूल तिथं दोन टिपाडं

चूल तिथं दोन टिपाडं पाणी, हा नियम धोंडीराम चेअरमनांनी स्वतःच्याच तोंडानं सांगितला होता. त्यामुळं नंतर दोष द्यायला कुणी उरलं नाही.

टँकर दिवसाआड यायचा आणि सोसायटीच्या गोदामापुढं उभा राहायचा. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली तशी गर्दी वाढली, कळश्या वाजू लागल्या, एकदोघांची डोकीही वाजली. मग गोदामाच्या ओट्यावर बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, माणशी पाणी द्या. चेअरमनांनी हात वर केला.

"माणसं मोजाया लागलात तर मेलेली आजी आन् पोटातलं पोर, दोन्ही रांगेत हुबी राहतेल. चूल मोजा. चूल खोटी सांगता येत न्हाई. धूर दिसतो."

गावानं माना डोलावल्या. चुलीबद्दल बोलायचा अधिकार चेअरमनांइतका दुसऱ्या कुणाला नव्हता. पाटोद्याकडच्या कुठल्याही गावात भावाभावांत वाटणी निघाली की त्यांनाच बोलावणं यायचं. ते दोरी टाकून शेत वाटत, भांडी वाटत, म्हातारा-म्हातारी वाटत. आणि निघताना दारात वळून म्हणत, "आमचं घर बघा. चाळीस वर्षं झाली, एक चूल." वाटणीवाले खाली मान घालत. त्या खाली गेलेल्या मानांवरच चेअरमन दर निवडणुकीला निवडून येत.

घरी येऊन त्यांनी नियम सांगितला. सुंदरबाई भाकरी थापत होत्या.

"म्हंजे आपल्याला किती?"

"दोन."

"आन् आश्रुबाला?"

"दोन."

आश्रुबा शेजारी. त्याच्या घरात तो, त्याची बायको आणि तीन शेळ्या. चेअरमनांच्या घरात तीन मुलगे, तीन सुना, आठ नातवंडं, वर दोन बैल आणि एक म्हैस.

"मग आता त्याच्या शेळ्या साबण लावून आंघोळ करतेल," सुंदरबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यात टाकली.

पंधरा दिवसांत नातवंडं ओळखू येईनाशी झाली. थोरली सून चतुराबाई एका संध्याकाळी पदर सावरत पुढं आली. "मामा, येगळं निघाल्यागत नुसतं दाखवलं तर? तीन चुली, सहा टिपाडं."

"जीभ झडंल तुझी! माझ्या घरात?"

चतुराबाई आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरबाईंनी न्हाणीत एक तांब्या नेऊन ठेवला.

"हे आंघोळीला का प्यायाला?" चेअरमनांनी विचारलं.

"आधी आंघोळ करा. खाली परात ठिवलीय. मग ठरवू."

त्या परातीत चेअरमनांचं तत्त्व विरघळलं. "फक्त दाखवायला," त्यांनी बजावलं. "घराच्या भाईर एक शबुद जाता कामा नये."

एक चूल अंगणात घातली, एक गोठ्याच्या कडेला, जुनी आत होतीच. चुलीची माती भिजवायलाच एक घागर पाणी गेलं. सोसायटीचा सचिव गहिनीनाथ तपासणीला आला. त्यानं तिन्ही चुलींत हात घालून राख कोमट आहे का ते पाहिलं.

"लई वाईट वाटलं, चेअरमन. पण बराबर हाय, तीन चुली. आता तुमी दोघं कुणाकडं?"

हे कुणी ठरवलंच नव्हतं.

"माय आमच्याकडं," थोरला मुलगा राधाकिशन म्हणाला.

"माय आमच्याकडं," मधला सुग्रीव आणि धाकटा रामहरी एकदमच म्हणाले.

"आन् तुमचे दादा?" गहिनीनाथानं विचारलं.

राधाकिशन बैलाकडं बघू लागला. सुग्रीवला पायात काटा सापडला. रामहरीनं आभाळाकडं पाहून ढग आहेत का याचा अंदाज घेतला. ते नव्हते.

"ऱ्हाऊ द्या, मागून लिहू," गहिनीनाथ समजूतदारपणे म्हणाला. आजवर चेअरमनांनी किती म्हातारे असेच 'मागून' ठेवले होते, ते त्यांना त्या क्षणी एकेक करून आठवले.

नाटक वठवायचं तर स्वयंपाकही वेगळा करणं भाग होतं, कारण आश्रुबा भिंतीवरून डोकावायचा. तीन चुलींवर तीन तवे चढले. मधलीनं पहिल्याच दिवशी डाळीत गूळ घातला. धाकटीनं मिरच्या दोनच टाकल्या. चेअरमन तिन्हीकडं थोडं थोडं जेवले आणि तिन्हीकडून अर्धपोटी उठले.

गहिनीनाथानं मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घेताना फक्त एकाच माणसाला सांगितलं. चौथ्या दिवशी आष्टीहून चेअरमनांची बहीण छबुबाई आली. तिचं रडणं वेशीपासूनच ऐकू येत होतं.

"माझ्या भावाचं सोन्यासारखं घर फुटलं गं माय! कुणाची नजर लागली!"

"खरं सांगून टाका तिला," रामहरी कुजबुजला.

"छबूला सांगण्यापरीस दवंडी दे. दवंडी जरा हळू जाते," चेअरमन म्हणाले.

तेव्हा छबुबाईची खात्री पटावी म्हणून चतुराबाईनं आणि मधलीनं पाट्या-वरवंट्यावरून लटकंच भांडायचं ठरवलं. पहिली दोन वाक्यं लटकी होती. तिसऱ्या वाक्याला मधलीचं माहेर आलं, चौथ्याला बारशात न मिळालेलं लुगडं. मग लटकं काय आणि खरं काय, हे कुणालाच सांगता येईना. छबुबाईचं रडणं थांबलं. तिनं मांडी घातली आणि मन लावून ऐकू लागली. जाताना ती भावाला म्हणाली, "दादा, बरं झालं येगळे झालात. लई दिवसांचं तुंबलं व्हतं."

चेअरमनांना वाटलं होतं तेवढ्यावर भागेल. पण गावात चेअरमनांच्या नावानं आवरून धरलेली बरीच घरं होती.

"चेअरमनच येगळे झाले, मग आमी काय पाप केलंय?" असं म्हणत एकेक घर चूल घालू लागलं. बाप-लेक वेगळे झाले. जुळे भाऊ वेगळे झाले. शेवटी आश्रुबाही बायकोपासून वेगळा झाला. ती घरात भाकरी थापायची आणि तो शेळ्यांपाशी तीन दगड मांडून बसायचा. भाकरी थापता येत नसल्यामुळं तो नुसताच धूर करायचा.

टँकर मात्र तेवढाच राहिला. दोन टिपाडांचं एक झालं, एकाचं अर्धं झालं, मग दोन घागरींवर आलं. चेअरमनांच्या तीन चुलींना मिळून आता पूर्वीच्या एका चुलीइतकंही पाणी मिळेना. सकाळी गाव एवढं धुरकटायचं की टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, पाणी पिण्यासाठी मागवता का आग विझवण्यासाठी?

पुन्हा बैठक बसली. चेअरमन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझं मत आसं हाय की, माणशी पाणी द्यावं."

"आन् पोटातलं पोर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते जन्मल्यावर," चेअरमन म्हणाले आणि घाईघाईनं खाली बसले.

ठराव झाला. चेअरमन मोठी पावलं टाकत घरी आले. छाती जरा पुढं आली होती. अंगणात उभं राहून त्यांनी हाक दिली, "ऐका रे सगळे! नाटक संपलं. आता चुलीवर पाणी न्हाई, माणसावर हाय. त्या दोन चुली मोडा. सांजच्यापासून आपली एक चूल."

तिन्ही सुना भाकरी थापत राहिल्या.

"मोडू की, मामा," चतुराबाई म्हणाली. "घाई काय हाय?"

"मोडायच्याच हायेत," मधली म्हणाली. "पण पोरं आता कुठं पोटभर जेवाया लागलीत. एवढा उन्हाळा जाऊ द्या."

"रामहरी, तू बोल!"

रामहरी भाकरीचा पापुद्रा सोडवत होता. "दादा, लग्न झाल्यापून पहिल्यांदा ऊन भाकर खायलोय," तो हळूच म्हणाला. "न्हाईतर माझा नंबर समद्यात शेवटी."

चेअरमनांनी आजवर बावीस गावची घरं वाटली होती, पण जोडायची पद्धत त्यांना कुणी विचारली नव्हती आणि त्यांनीही ती शिकून घेतली नव्हती. आता एकच आधार उरला होता. "अगं, तू तरी सांग ह्यांना," म्हणत ते आत गेले. आतल्या चुलीशी सुंदरबाई नव्हत्या. त्या परसात लिंबाखाली सापडल्या. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले.

"काय करायलीस?"

"चूल घालायले."

"कुणाची?"

"माझी."

"आगं, नियम बदलला! आता चुलीला पाणी मिळत न्हाई!"

"पाण्यासाठी कोण घालायलंय?" सुंदरबाई म्हणाल्या आणि ओल्या बोटांनी कड गुळगुळीत करत राहिल्या.

निवाड्याची वाक्यं चेअरमनांना पाठ होती, पण त्यातलं एकही अंगाला बसेना. ते लिंबाच्या बुंध्याशी टेकून बसले. ओली चूल शेकून वाळेपर्यंत दिवस कलला. सुंदरबाईंनी हुलग्याचं पीठ मळलं, हातावर वळून त्याची वेटोळी केली, भांड्यात लसणाची चरचरीत फोडणी घातली आणि रस्सा उकळला तसे एकेक करून ते शेंगोळे आत सोडले. वासानं तिन्ही तव्यांवर वाकलेल्या माना इकडं वळल्या.

न बोलावताच चेअरमन पुढं सरकले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लसूण कडक होता.

"हे कवा शिकलीस?"

"मायीच्या घरी. लग्नाआधी."

"आन् इतक्या वर्षांत एकदाबी केलं न्हाईस?"

"कुठं करणार?" सुंदरबाई लाकूड आत सारत म्हणाल्या. "तुमच्या घरात एकच चूल व्हती. तुमच्या मायीला हुलगं चालत न्हवतं, मग तुमाला चालत न्हवतं, मग पोरांला."

चेअरमन खाली मान घालून जेवत राहिले. मग ताट पुढं केलं.

"आजून हाय का?"

"हाय. पण ह्या चुलीवर ज्याचं ताट त्यानं धुवायचं."

चेअरमन उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ताटाला राख लावली, घासलं आणि तांब्या पालथा करून ते धुतलं. मग कौतुकाच्या अपेक्षेनं बायकोकडं पाहिलं.

सुंदरबाईंनी रिकाम्या तांब्यात डोकावून पाहिलं.

"अर्ध्यात धुऊन व्हतं," त्या म्हणाल्या.