कुदळ्यांची जादा तब्येत

ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त तब्येत बाळगल्याबद्दल मुरलीधर कुदळे यांना बुधवारी नोटीस आली.

नोटिशीत वावगं काही नव्हतं. देवनिंब तालुक्यात ही पडताळणी चार वर्षांपासून चालू होती आणि लोकांनाही ती अंगवळणी पडली होती. वर्षाला एकवीस हजार उत्पन्न असलेल्या कुटुंबाला किती दम, किती दात आणि गुडघ्यांची किती वाकणूक चालते, याचा तक्ता तहसील कचेरीच्या भिंतीवर लावलेला होता. मुरलीधर छप्पन्न वर्षांचे. वाचनालयाची पुस्तकं सायकलवरून घरोघर पोचवायचं काम करायचे. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि टेकडीवरच्या वसाहतीत ते सायकलवरून न उतरता जात.

चूक त्यांचीच होती. वाचनालयात मोफत तपासणी शिबिर झालं तेव्हा गावातली शहाणी माणसं खोकत, कण्हत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. मुरलीधरांना मात्र डॉक्टरांनी नळीत फुंकायला सांगितलं आणि त्यांनी अशी फुंकर मारली, की आतला चेंडू वर जाऊन तिथेच अडकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुरलीधरांनी हसून पुन्हा एकदा फुंकून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," नोटीस वाचून त्यांची बायको शालन म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं दुसऱ्यांदा फुंकायला?"

मुरलीधरांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. तब्येतीची त्यांना एवढी फिकीर नव्हती. फिकीर होती ती उत्पन्नाच्या दाखल्याची. त्याच दाखल्यावर त्यांच्या मुलीला, कावेरीला, जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजात फी माफ झाली होती. दाखला रद्द झाला, की कावेरी महिन्याभरात घरी.

दुसऱ्या दिवशी ते खिडकी क्रमांक सातवर उभे राहिले. आत वाघचौरे मॅडम होत्या. बाई तुसड्या नव्हत्या. फक्त तक्त्याबाहेरचं त्यांना काही दिसत नसे.

"मॅडम, खरं सांगू का?" मुरलीधर खिडकीत वाकून म्हणाले. "माझं उत्पन्न एकवीस हजार नाहीये. अठ्ठेचाळीस आहे. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, सगळ्यांचं एकवीसच लिहितात, तुमचंही एकवीसच लिहू. मी नको कसं म्हणणार?"

"सगळ्यांचं एकवीसच असतं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या भावाचंसुद्धा. तुम्हाला अठ्ठेचाळीस करून देते. मग तुमचे दात बसतात, दम बसतो, गुडघेही बसतात."

"आणि मुलीची फीमाफी?"

"ती नाही बसत. ती छत्तीसपर्यंतच."

मुरलीधरांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं आणि पकड मजबूत असल्याची नोंद केली.

"नऊ दिवसांनी सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "तोवर तब्येत उत्पन्नाच्या पातळीवर आणा. दाखला तसाच ठेवते."

नऊ दिवसांत आजारी पडणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं मुरलीधरांना वाटलं. त्यांनी उपाशीपोटी बर्फाचे गोळे खाल्ले. ओले कपडे घालून पंख्याखाली बसले. चार दिवस एकवेळ जेवले. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर अंग हलकं, डोळे स्वच्छ, आणि टेकडी त्यांनी एरवीपेक्षा दोन मिनिटं लवकर चढली. वसाहतीतल्या एका गृहस्थांनी दारातच विचारलं, "काय कुदळे, तब्येत सुधारलेली दिसते?" मुरलीधरांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी कादंबरी त्यांच्या हातात ठेवली आणि उतारावर मुद्दाम ब्रेक दाबत, दम लागल्यासारखे खाली आले.

सहाव्या दिवशी ते पुन्हा खिडकीवर गेले.

"होत नाही मॅडम," ते म्हणाले. "मी प्रयत्न केला. उलटंच होतंय."

मॅडमनी नियमांची चोपडी उघडली. बोट फिरवत बराच वेळ वाचलं.

"कुटुंबाची सरासरी धरता येते," त्या म्हणाल्या. "रेशनकार्डावर किती नावं?"

"तीन. पण कावेरी नर्सिंगला आहे. तिथे धडधाकटच लागतात."

"मग घरात कोण राहिलं?"

मुरलीधर सायकल घेऊन परत फिरले. घरी येऊन त्यांनी शालनला हे सांगितलं नाही. पण शालननं चहा गाळता गाळता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन-चार प्रश्नांत सगळं काढून घेतलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "माझ्या आईला बारा वर्षं खोकला होता. मला तो पाठ आहे."

"नको गं."

"नको तर मग दुसरं काय? पोरगी परत आणायची? सुनावणीपुरतं तर खोकायचं."

तिनं त्याच दुपारी सराव सुरू केला. ती बचत गटाचे पापड लाटायची. तीन पापड झाले, की एकदा खोकायचं, असा तिनं हिशेब धरला. पहिल्या दिवशीचा खोकला अगदीच नाटकी होता. ऐकून शेजारणीनं विचारलं, कुणाला हाक मारताय का? दुसऱ्या दिवशी त्यात थोडी खरखर आली. तिसऱ्या दिवशी मुरलीधर सायकल लावत होते तेव्हा आतून असा खोकला आला, की ते धावतच घरात शिरले. शालन पोळपाटावर वाकून हसत होती.

"जमला की नाही?"

जमला होता. मुरलीधरांना आधी बरं वाटलं आणि मग, आपल्याला बरं वाटलं, याची लाज वाटली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर सुनावणीची सुरुवातच पायऱ्यांपासून होती. तहसील कचेरीच्या बावीस पायऱ्या. मॅडम खाली रजिस्टर घेऊन उभ्या राहिल्या आणि दोघांना वर जायला सांगितलं. मुरलीधर वर पोचले तेव्हा शालन अकरावीवर होती. तिथे ती कठड्याला धरून खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. आवारात अर्ज लिहून देणाऱ्यानं टाइपराइटर थांबवून वर पाहिलं.

"ओला की कोरडा?" मॅडमनी खालून विचारलं.

"तुम्हाला कुठला चालतो?" शालननं धाप आवरत विचारलं.

मॅडमनी तक्त्यात पाहिलं. "कोरडा, सतत. त्यानं सरासरी बरोबर बसते." त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि दाखला मुरलीधरांच्या हाती दिला. "प्रकरण निकाली. मुदत तीन वर्षं."

"आणि खोकला?" मुरलीधरांनी विचारलं. "आता सोडला तर चालेल?"

"नोंद झालीय ना आता. पडताळणी कधीही होऊ शकते." मग मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, गार पाणी पिऊ नका."

फाटकाबाहेर आल्यावर मुरलीधरांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "इथे कुणी ऐकत नाहीये," ते म्हणाले. "थांबव आता."

शालननं छातीवर हात ठेवला. "मघापासून तेच करतेय," ती म्हणाली. "थांबत नाही हो."

दोन वर्षं गेली. देवनिंबमध्ये कुदळ्यांच्या घराची खूण आता खोकला हीच झाली होती. पाहुण्यांना लोक सांगत, ऐकत ऐकत जा, सापडेल. पापड दीडशेवरून साठावर आले. पापडाचे पैसे दाखल्यात कधीच लिहिलेले नसल्यामुळे उत्पन्नात काही फरक पडला नाही. मुरलीधर रोज टेकडी चढत आणि वर पोचले, की आपल्याला दम लागला नाही म्हणून घाबरत.

दिवाळीच्या सुट्टीत कावेरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं.

"आई, हा जाईल," ती म्हणाली. "आमच्या सरांना विचारून औषध आणलंय. पंधरा दिवस घे. पूर्ण जाईल."

शालननं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि फळीवर दाखल्याच्या शेजारी नीट ठेवली.

"मुदत संपली, की घेईन," ती म्हणाली. "दहाच महिने राहिलेत. तुझी परीक्षा कधी?"

"त्याच सुमाराला." कावेरीनं बाटली परत उचलली आणि मागची चिठ्ठी वाचली. "आई, हे औषध सात महिन्यांतच बाद होतं."

"मग तेव्हा दुसरं आण," शालन म्हणाली आणि खोकू लागली.

मुरलीधर दाराशी उभे राहून ऐकत होते. आता त्यांना ती सवयच लागली होती. कोरडा होता. सतत होता. नोंदीशी जुळत होता.