हिंदुरावांचा मोर

"ह्यो कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाय! हिंदुराव म्हनंल तसाच नाचतोय!" असं हिंदुराव गिरणीत ज्याला त्याला ऐकवत. साल एकोणीसशे शहात्तर. सोलापुरात कॉम्प्युटर पाहिलेली माणसंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि हिंदुराव तर तो चालवत होते! शनिवारी परदेशी पाहुणे नमुन्याची चादर बघायला येणार होते. त्यांना नक्षी आवडली की आपली बढती पक्की, हे हिंदुरावांनी धरूनच ठेवलं होतं.

त्या मशीनवर एकाच वेळी दोन प्रोग्राम चालत. एक हिंदुरावांचा, चादरीवरचा मोर काढणारा. दुसरा मॅनेजरसाहेबांचा, त्यात कामगारांवरचे गोपनीय शेरे. मशीन बसवणारा इंजिनिअर जाताना बजावून गेला होता, "दोघांच्या मधे भिंत आहे. एकानं दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला की मशीन त्याला तिथंच अडवतं. भिंतीचं हे बटण कधीही बंद करू नका!"

पण मोराचा पिसारा झाला ऐसपैस, आपल्या जागेत मावेना. अर्ध्यावर आला की लाल दिवा, आणि मशीन गप्प! सात वेळा चालवला, सात वेळा अडला.

हिंदुरावांचं डोकं फिरलं. मंद्रूपला त्यांच्या घरी तेवीस माणसं एका चुलीवर जेवत. भिंत म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"भावाभावात भिंत घालून कुणाचं भलं झालंय?" ते शिपाई निंगप्पाला म्हणाले. "दोगं गुण्यागोविंदानं नांदतील की!"

"पर सायेब, त्यो इंजिनेर म्हनला हुता..."

"त्याच्या घरात वाटण्या झाल्या असतील!"

आणि बटण बंद! लाल दिवा विझला, प्रिंटर खडखडला, पिसाऱ्यासकट अख्खा मोर सरसर खाली उतरला! आनंदाच्या भरात हिंदुरावांनी कागद धड बघितलाही नाही. घडी घालून थेट नक्षीवाल्या नबीसाबकडे धाडून दिला.

नबीसाब अस्सल कारागीर. कागदावर असेल ते जसंच्या तसं धाग्यात उतरवायचं, शंका काढायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. इंग्रजीचा गंध नव्हता. मोराच्या पायाखाली त्यांना नाजूक वेल दिसली. तीही त्यांनी जीव ओतून चादरीत आणली.

शनिवारी निंगप्पानं एक टोक धरलं, नबीसाबनी दुसरं, आणि चादर उलगडली. मोर इतका देखणा, की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! मग त्यांतला एक जण चष्मा लावून खाली वाकला आणि मोठ्यानं इंग्रजी वाचू लागला, "निंगप्पा. कामावर झोपतो."

आपलं नाव ऐकून निंगप्पानं अभिमानानं मान ताठ केली.

"हेडक्लार्क. दिवसाला अकरा चहा. काम शून्य."

मॅनेजरसाहेब पांढरेफटक पडले. "नबीसाब! हे काय विणलंत?"

"वेल हाय की, सायेब. लई अवघड हुती!"

हिंदुरावांना आता उलगडा झाला. भिंत नाही म्हटल्यावर पिसारा सरळ साहेबांच्या घरात शिरला होता, आणि येताना हाती लागेल ते उचलून घेऊन आला होता! साहेब त्यांच्याकडे बघत होते. पाहुणा मात्र रंगात येऊन शेवटची ओळ वाचत होता.

"हिंदुराव. अत्यंत विश्वासू. कोणतंही गुपित बाहेर जाऊ देत नाहीत. बढती द्यावी."

हिंदुरावांचा ऊर भरून आला. साहेबांनी शांतपणे नबीसाबकडून कात्री मागून घेतली, आणि तेवढी एकच ओळ चादरीतून कापून काढली!