सात फुटांची शिवण

मेळा शनिवारी होता आणि डेस्मंड टिल्कॉकचा अंगठा मंगळवारी सुजला. दोन हिवाळे तो जेवणाच्या खोलीत बसून तंबू शिवत होता. पांढऱ्या जाड कॅनव्हासचे पंधरा पट्टे, त्यांच्या चौदा शिवणी, सगळ्या हातशिलाईच्या. तेरा झाल्या होत्या. उरली होती एक, छताच्या मधोमधची, सात फुटांची. नेमक्या त्याच वेळी सुई कापडात न जाता अंगठ्यात गेली आणि नखाच्या कडेनं पू धरला. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला काकडीएवढं बँडेज बांधलं आणि दहा दिवस सुई धरायची नाही असं बजावलं.

डेस्मंडनं त्यांना पंधराव्या शतकातले तंबू आणि शनिवारची तपासणी यांबद्दल समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं.

गोष्ट साधी होती. दर जूनमध्ये किल्ल्याखालच्या कुरणात पंधराव्या शतकातला लष्करी तळ उभा राहायचा. लोक तसे कपडे घालून, तशी भांडी घेऊन तीन दिवस तशाच तंबूंत राहायचे. वेशीपासून किल्ल्यापर्यंतच्या पुढच्या रांगेत फक्त हातानं शिवलेल्या तंबूंना जागा असे. बाकीच्यांची पाठवणी कुंपणापलीकडे, ज्याला सगळे ‘नायलॉनचं शेत’ म्हणत. मागच्या वर्षी डेस्मंडच्या जुन्या तंबूला पितळी कड्यांची बारा भोकं निघाली. अशी कडी त्या काळात नव्हती. त्यानं तीन दिवस लोकरी विजार घालून हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या गुलाबी बगळ्याशेजारी काढले होते. आणि नियम असा, की लागोपाठ दोनदा नापास होणाऱ्याला पाच वर्षं पुढच्या रांगेत जागा नाही. डेस्मंड अडुसष्ट वर्षांचा होता. पाच वर्षांनी गुडघे जमिनीवर झोपू देतील की नाही, याचा हिशेब त्यानं मांडून पाहिला होता. उत्तर चांगलं येत नव्हतं.

“माझ्या मशीनवर मार की,” त्याची बायको विनी म्हणाली होती. “दहा मिनिटांचं काम आहे.”

डेस्मंडनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं उपासाच्या दिवशी ताटात कोंबडी वाढली.

“विनी, तपासणीला पास्कोबाई भिंग घेऊन येतात.”

“मग भिंगाला काय दिसणार आहे? शिवण दिसेल.”

बुधवारी संध्याकाळी विनी चर्चच्या गायनाला गेली आणि डेस्मंडनं तिचं मशीन काढलं.

तो चाळीस वर्षं जिल्ह्याच्या रस्तेखात्यात मोजणीला होता. अर्ध्या इंचाच्या चुकीसाठी त्यानं कंत्राटदारांना पुलावरून परत पाठवलं होतं. त्याच्या तेरा शिवणींत दर इंचाला पाच टाके होते, ना साडेचार, ना सव्वापाच. पण विनीचं मशीन पडदे शिवायला घेतलेलं. चार पदरी कॅनव्हास पाहून मशीननं पहिली सुई मोडली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी टिकली, पण कापड ओढताना तंबूचं वजन एकीकडे आणि डेस्मंड दुसरीकडे, त्यामुळे शिवण खेड्यातल्या पायवाटेसारखी गेली. सात फुटांना चाळीस मिनिटं लागली. मोडक्या सुया त्यानं कोबीच्या पानांत गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. मशीन पुसलं, झाकलं, दोऱ्याचं रीळ खणात ठेवलं. खणात इतका पसारा होता, की त्याला राहवेना. म्हणून सगळी रिळं रंगावारी लावून टाकली.

गुरुवारी सकाळी त्यानं तंबू बागेतल्या दोरीवर टाकला आणि झारीनं वर पाणी ओतलं. ही परीक्षा प्रत्येक नव्या तंबूला द्यावी लागते. कॅनव्हास ओला झाला की त्याचे धागे फुगतात, सुईची भोकं बुजतात आणि पाणी आत येत नाही. हातशिलाईचा लिननचा दोराही फुगतो. तेरा शिवणी कोरड्याठाक राहिल्या. चौदावीतून नळ सोडल्यासारखं पाणी आलं.

डेस्मंड खाली उभा राहून ते तोंडावर घेत विचार करत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. विनीचा दोरा पॉलिएस्टरचा होता. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, फुगत नाही. त्याची भोकं भोकंच राहतात. म्हणजे उद्या पाऊस आला, आणि इंग्लंडात मेळा म्हटल्यावर तो येणारच, तर छतातून नेमकी एक सरळ, किंबहुना वाकडी, रेघ गळणार आणि पास्कोबाईंना भिंगाचीही गरज पडणार नाही.

उसवून पुन्हा शिवावी तर अंगठा काकडी. उरला एकच उपाय, मेण. शिवणीला वरून मेण चोपडलं की भोकंही बुजतील आणि टाकेही झाकले जातील. तो तडक गाडी काढून तीस मैलांवरच्या एका मधमाश्यावाल्याकडे गेला. जाताना ट्रॅक्टरमागे अडकला, येताना मेंढरांमागे. मधल्या वेळात मधमाश्यावाल्यानं त्याला चहा पाजून आपल्या सहा राण्यांचे स्वभाव एकेक करून सांगितले. डेस्मंड घरी पोचला तेव्हा सात वाजले होते. तंबू वाळून, घडी घालून गॅरेजच्या टेबलावर ठेवलेला होता.

“तुझ्या बोटांना काय झालं?” त्यानं विनीला विचारलं. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

“गूसबेरीची झुडपं छाटली.”

“जूनमध्ये? ती हिवाळ्यात छाटतात ना?”

“वाढली होती,” विनी म्हणाली, आणि मटाराचं सूप वाढलं.

जेवण झाल्यावर डेस्मंडनं विनीच्या पुडिंगच्या भांड्यात मेण वितळवलं. गॅरेजमधला दिवा मिणमिणता होता आणि वाफेनं चष्म्यावर धुकं चढलं होतं. ते त्याच्या पथ्यावरच पडलं, कारण ती शिवण त्याला पाहायचीच नव्हती. तो ब्रशानं मेण थापत सुटला, अगदी भिंतीला गिलावा करावा तसं. मग चष्मा पुसून तो चार पावलं मागे सरकला. पांढऱ्याशुभ्र तंबूच्या मधोमध वीतभर रुंद तपकिरी पट्टा उमटला होता. चोरानं चोरी केलेल्या जागेवर स्वतःच बाण काढून ठेवावा तसा.

आता एकाच शिवणीला मेण कसं चालेल? मग त्यानं बाकीच्या शिवणींनाही मेण लावायला घेतलं. नवव्या शिवणीला मेण संपलं. उरलेल्या पाच त्यानं किटलीतल्या गार चहानं रंगवल्या. मधमाश्यावाल्यानं मेण नीट गाळलेलं नसावं, कारण गॅरेजभर मधाचा वास सुटला होता. सकाळी विनीनं गॅरेजचं दार उघडलं, एकदा श्वास घेतला, “न्याहरी म्हणून चालेल हा तंबू,” एवढंच म्हणाली आणि गाडी भरायला लागली.

शुक्रवारी दुपारी तंबू पुढच्या रांगेत उभा राहिला आणि चार वाजता पाऊस आला. डेस्मंडनं आधीच एक फळी रंगवून दारात टांगली होती: पाऊस असताना छताला आतून हात लावू नये. ओल्या कॅनव्हासला आतून बोट लागलं की पाणी त्या जागेतून झिरपायला लागतं, मग पाऊस थांबेपर्यंत थांबत नाही. पितळी कड्यांच्या प्रकरणाआधीपासून हा नियम तो येईल त्याला सांगत आला होता. त्या दुपारी तो दीड तास चौदाव्या शिवणीखाली मान वर करून बसला. एक थेंब पडला नाही.

“मेणाची कमाल आहे,” तो म्हणाला.

“हो ना,” विनी म्हणाली.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. मेण तापलं, मधाचा वास दरवळला आणि नऊच्या सुमाराला कुरणातल्या मधमाश्या चौकशीला आल्या. साडेनऊला पास्कोबाई आल्या. त्या निवृत्त शिवणशिक्षिका. डोक्यावर पांढरं फडकं, कमरेला चामड्याची थैली आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तळावर त्या बोलायच्या कमी. त्यामुळे लोक त्यांच्या भुवयांवरून निकाल ओळखायचे.

त्यांनी खुंट्या पाहिल्या, तणाव्यांचे दोर चाचपले, भोकांना कडी नाहीत, दोऱ्यानं विणलेल्या कडा आहेत याची खात्री केली. मग पहिल्या शिवणीला भिंग लावलं, मग दुसरीला. तिसरीपाशी त्या थांबल्या.

“मिस्टर टिल्कॉक, ही मशीनची आहे.”

डेस्मंडला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “ही? बाई, ही मी मागच्या फेब्रुवारीत शिवलीय. हातानं.”

“दर इंचाला बरोबर पाच टाके आहेत. सगळीकडे. माणूस असा शिवत नाही.”

“मी पट्टी ठेवून शिवलंय.”

पास्कोबाईंची एक भुवई वर गेली. त्यांनी कापड उलटं करून पाठची बाजू पाहिली, एक टाका नखानं उचकटला, दोरा एकच आहे की मशीनच्या शिवणीत असतात तसे वरचा आणि खालचा असे दोन आहेत ते तपासलं. एकच होता. त्यांनी तो टाका पुन्हा दाबून बसवला. डेस्मंडच्या कपाळावरचा घाम मात्र वाळला नाही, कारण आता त्या स्टुलावर चढून चौदाव्या शिवणीकडे वळल्या होत्या. तिथं पंधरा-वीस मधमाश्या ओळीनं चालत होत्या. बाईंनी त्यांना फुंकर मारून बाजूला केलं आणि नखानं मेण खरवडायला घेतलं.

डेस्मंडनं विनीकडे पाहिलं. विनी चुलीवरच्या भांड्यात ओटची लापशी ढवळत होती. त्यानं किल्ल्याकडे पाहिलं, पुढच्या रांगेतल्या आपल्या खुंट्यांकडे पाहिलं. मेणाचा एक पापुद्रा गवतावर पडला, दुसरा पडला. तेरा शिवणी खऱ्या होत्या आणि त्यांच्यावरच्या संशयानं त्याला इतका राग आला होता. आता चौदावी खोटी असून तो गप्प बसणार होता. हे काही त्याच्या मोजमापात बसेना.

“खरवडू नका, बाई,” तो म्हणाला. “ती मशीनची आहे. माझा अंगठा सुजला होता. मी बुधवारी शिवली. बायकोला माहीत नाही.”

पास्कोबाईंनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. एक मधमाशी भिंगावरून चालत गेली, तरी त्या हलल्या नाहीत.

“कोणतं मशीन?”

“बायकोचं. पडद्यांचं.”

“मग त्या मशीनला चांगलीच चढलेली होती,” बाई म्हणाल्या. “इथं तीन टाके इंचाला, इथं सात. इथं गाठ मारलीय. इथं दोरा संपला म्हणून नवा घेतलाय. आणि हा, माझा अंदाज खरा असेल, तर रक्ताचा डाग. मिस्टर टिल्कॉक, ही शिवण हाताची आहे. लिननच्या दोऱ्याची.”

डेस्मंड स्टुलावर चढला. दोघं एकाच स्टुलावर, गालाला गाल लागेल इतके जवळ. भिंगातून त्याला एक वाकडातिकडा, दमलेला, हट्टी टाका दिसला. तो त्याचा नव्हता.

“गूसबेरीला काटे असतात,” विनी लापशीकडे पाहत म्हणाली.

पास्कोबाई खाली उतरल्या. खोटं लपवणाऱ्याचं काय करायचं ते नियमांत होतं, पण न केलेला गुन्हा कबूल करणाऱ्याबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला, मग थैलीतून पास झाल्याचा लाकडी बिल्ला काढला आणि तंबूच्या दाराला बांधला.

“एक सांगते,” जाता जाता त्या म्हणाल्या. “या अख्ख्या रांगेत पंधराव्या शतकातली वाटणारी एकच शिवण आहे, आणि ती ही. बाकीच्या तेरा...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. “पुढच्या खेपेला पट्टी घरी ठेवा.”

त्या दिसेनाशा झाल्यावर डेस्मंड गवतात बसला. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्यानं छाती भरून श्वास घेतला.

“तुला कधी कळलं?”

“बुधवारीच. गायनाहून आले, बटण लावायला खण उघडला, तर रिळं इंद्रधनुष्यासारखी लावलेली. बेचाळीस वर्षांत माझ्या खणात कोणी असला गुन्हा केला नव्हता.” विनीनं लापशीचा वाडगा त्याच्या हातात दिला. “गुरुवारी तू गेलास आणि मी उसवायला बसले. उसवायलाच दुपार गेली. तू त्या ट्रॅक्टरमागे अडकला नसतास तर माझी पंचाईत होती.”

“मग मेण आणलं तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तीस मैलांवरून आणलं होतंस. इतका खूश होतास. म्हटलं लावू दे.”

“तुला ठाऊक होतं मी कबूल करणार?”

“तू एकदा वाचनालयाला पुस्तक वेळेआधी दिलं म्हणून माफी मागितली होतीस,” विनी म्हणाली. “खा, गार होतंय.”

दुपारी पुन्हा पाऊस आला. मधमाश्या घरी गेल्या आणि पाहुणे किल्ल्याच्या कमानीत पळाले. दोघं तंबूत पडून छतावरची टपटप ऐकत राहिले. चौदा शिवणी कोरड्या होत्या. विनीची डोक्यावरून वाकडी जात होती, तिच्याकडे पाहता पाहता डेस्मंडला इतकं हलकं वाटलं, इतकी माया दाटून आली, की त्यानं काकडीएवढा अंगठा वर केला आणि त्या शिवणीशेजारच्या कापडावरून, गाईच्या मानेवरून फिरवावा तसा, अलगद फिरवला.

पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला. दुसराही.

 विनीनं दारातली फळी एकदा वाचली, उठली आणि लापशीचं रिकामं भांडं आणून त्याच्या नाकाशेजारी ठेवलं.