सात नंबरचा लॉगर

गेल्या मे महिन्यात रेगेसाहेबांना ताप आला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडे थर्मामीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, एक सौ दो है." साहेब म्हणाले, "वो तो आपकी मशीन कह रही है. मशीन की जाँच कब हुई थी?" डॉक्टरांनी हात जोडले आणि साहेब तापासकट घरी परतले. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही डॉक्टरांची कीव करत.

मानेसरला आमचं औषधांचं गोदाम आहे. मी डिस्पॅच बघते, साहेब क्वालिटी बघतात. गोदामात दोनच मराठी माणसं, त्यामुळे गुडगावहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आमच्या सीट शेजारीशेजारी ठरलेल्या. ते मूळचे दादरचे, पण तीस वर्षं दिल्लीकडे काढल्यामुळे त्यांचं मराठी वाक्य "बिल्कुल"ने सुरू होतं आणि "समझे ना?"वर थांबतं.

औषधं ठेवतात तिथे जागोजागी डेटा लॉगर लावलेले असतात. काडेपेटीएवढी डबी, पण तापमान आणि हवेतला ओलावा दर मिनिटाला टिपून ठेवते. इतर ठिकाणी लोक ती टांगतात आणि विसरतात. आमच्याकडे साहेब रोज सकाळी लॉगरांची हजेरी घेतात. "तीन नंबर जरा हळवा आहे. अकरा नंबर आळशी, उशिरा जागा होतो." माणसांचं त्यांना एवढं कौतुक नाही. मी "आज काय उकडतंय हो!" म्हटलं की लगेच विचारतात, "वाटतंय, की नोंद आहे?" जून महिना, बसचा एसी बंद, आणि घामाने निथळणाऱ्या बाईला हा प्रश्न! हा माणूस अजून धडधाकट आहे, याचं श्रेय माझ्या आईवडिलांच्या संस्कारांना आहे.

माझ्या नातीच्या बारशाला साहेबांनी श्रीखंडाच्या पातेल्यामागे गुपचूप एक लॉगर ठेवला. दुसऱ्या दिवशी मला आलेख आला. खाली लिहिलं होतं, "श्रीखंड चाळीस मिनिटं मर्यादेबाहेर होतं. चव उत्तम." माझ्या विहीणबाईंनी तो आलेख पाहिला आणि अजून त्या माझ्याकडचं दही खात नाहीत.

तर अशा माणसाच्या राज्यात बंडाळी झाली. आमच्या कोल्ड रूममध्ये दोन ते आठ अंशांत इन्सुलिन आणि लशी असतात. मार्चमध्ये तिथले रॅक इकडचे तिकडे केले आणि तेव्हापासून सात नंबरच्या लॉगरच्या आलेखावर रोज दुपारी एक वाजता उंचवटा येऊ लागला. तापमान आठच्या वर, ओलावाही वर, आणि पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. बाकीचे लॉगर शांत. गुरुवारी ऑडिट होतं. मॅनेजरनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, की तोवर कारण सापडलं नाही, तर निवृत्तीनंतर मिळालेली वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपेल. बसमध्ये साहेब मला म्हणाले, "घरी बसून मी करू काय, मोरेबाई?" "कारण सापडेल असं वाटतंय," मी म्हटलं. या वेळी त्यांनी नोंद मागितली नाही.

मग तपास सुरू झाला. साहेबांनी दाराचं रबर भिंगाने तपासलं. पंख्याचा वारा कुठे जातो ते बघायला उदबत्ती लावली आणि धुराचा अलार्म वाजवून सगळं गोदाम उन्हात उभं केलं. स्टोअरकीपर यादवजी म्हणाले, "सर, भूत है. एक बजे खाना खाने आता है." साहेबांनी यावर खरोखर विचार केला. "भूत से तापमान गिरता है, यादवजी. यहाँ चढ़ रहा है."

"रविवारी उंचवटा नसतो," ते मला म्हणाले. "म्हणजे गुन्हेगार पगारी आहे. समझे ना? पण मी रोज एक वाजता स्वतः आत असतो. कोणीही येत नाही!"

मला शंका आली. मध्यंतरी साहेबांनी दाढ काढून घेतली, त्या दिवशी ते रजेवर होते. मी त्या दिवशीचा आलेख उघडून पाहिला. रेघ सरळ होती.

बुधवारी एक वाजता मी जॅकेट चढवून त्यांच्या मागोमाग आत गेले. माकडटोपी घालून साहेब इन्सुलिनच्या रॅकपुढे उभे होते. मार्चमध्ये रॅक हलल्यापासून सात नंबर तिथे त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला होता. साहेब हळू आवाजात बोलत होते, "शैला, इंजेक्शन घेतलंस ना? आधी ते घे, मग जेव. आज मोरेबाई बसमध्ये घोरत होत्या. बिल्कुल खरं."

शैलावहिनींना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांना साखरेचा त्रास होता. रोज एक वाजता साहेब जेवण बाजूला ठेवून त्यांना फोन करायचे, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं आणि आम्ही त्यावर हसायचो. तो फोन बंद झाल्यावर हा माणूस त्या वेळी कुठे जातो, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली आणि रडूही आलं.

"साहेब," मी म्हटलं, "सात नंबरला ओलावा कशामुळे चढतो, ते सापडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लॉगरकडे, मग स्वतःच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे. त्यांनी विचारलं, "लॉगर बघायला गेलेला माणूसही मोजायचा असतो का?"

यादवजींनी सुचवलं, "सर, दरवाज़े का रबर लिख दो." पण खोटी नोंद साहेबांच्या हातून होणं शक्य नव्हतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "क्वालिटीचे रेगे रोज एक वाजता लॉगरसमोर उभे राहून बोलतात." गुरुवारी ऑडिटरने ते दोनदा वाचलं.

"किससे बोलते हैं?"

"मिसेस से."

ऑडिटरने शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो उपायाचा होता आणि कोरा होता. साहेब पेन धरून बसले. मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, "रेगे यापुढे रोज एक वाजता मोरे यांच्या टेबलावर जेवतील आणि जे बोलायचं ते तिथे बोलतील. जबाबदार व्यक्ती: मोरे." ऑडिटरने खाली सही केली. साहेबांची मुदतवाढही टिकली.

शुक्रवारी एक वाजता साहेब डबा घेऊन माझ्यासमोर बसले. पोळीचे तुकडे करत राहिले, खाईनात.

"मोरेबाई, काय बोलायचं असतं?"

"वहिनींना आज काय सांगणार होतात," मी म्हटलं, "तिथून सुरू करा."