हवामानाचं वकीलपत्र

ज्याला वकील नाही त्याला न्याय नाही, हे सत्य कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या कुणालाही विचारा. (ज्याला वकील आहे त्याला तारीख आहे, पण तो वेगळा विषय.) आपल्याकडे माणसांना वकील असतो, शेताच्या धुऱ्याला असतो, देवस्थानाला असतो, वाळूचोरीत पकडलेल्या हायवा ट्रकलासुद्धा असतो. एवढं असून हवामानाची बाजू मांडायला आजवर कुणी नव्हतं. ही उणीव अखेर राज्यपातळीवर कुणाच्या तरी ध्यानात आली, याबद्दल आपण कृतज्ञ असलं पाहिजे.

मूळ धोरण सोपं होतं. हवामान बदलतंय, त्यावर उपाय हवेत, उपायांना निधी हवा, आणि तो द्यावा हे सरकारला पटवून द्यायला माणसं हवीत. या पटवून देण्याला इंग्रजीत ॲडव्होकसी म्हणतात. थंडगार हॉटेलात त्यावर परिषदा झाल्या आणि तिथे सगळ्यांना अर्थ कळला. मग परिपत्रक मराठीत करायची वेळ आली. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला (हल्ली एवढे कष्ट कोण घेतं!) आणि गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पलीकडे असलेल्या आमच्या बाभूळवस्तीला आदेश पोचला: 'गावाने हवामानाची वकिली करण्यासाठी सक्षम व्यक्ती नेमावी.'

ग्रामसेवक अंगद आज्ञाधारक माणूस. वकिली करायला सक्षम कोण, तर वकील. त्यांनी गेवराईचे ॲडव्होकेट सुंदरराव यांना नेमलं. धुऱ्याच्या भांडणात सुंदररावांचा हातखंडा आहे. तरी खात्री असावी म्हणून अंगदनी वर फोन केला. "शब्द वरून आलेत, हात लावू नका," असं वरून सांगण्यात आलं. (वरच्यांनाही ते वरूनच आले होते.)

निधीची वाटणी शास्त्रशुद्ध होती. शंभरातले ऐंशी वकिलीला आणि वीस उपायाला, तेही वकिलीतून समस्या सिद्ध झाली तरच. उपाय घाईने होऊन समस्याच संपली, तर वकिली कशाची करायची, असा दूरदर्शी विचार त्यामागे होता.

पंचाईत अशी की गावाकडे उपाय तयार होता. गेल्या भादव्यात एका रात्रीत आभाळ कोसळलं आणि पाझर तलावाचा बांध फुटला. वस्तीवरच्या गीताबाईंचं म्हणणं एवढंच की मृगाच्या आत बांध बुजवा. पाणी थांबलं तर ज्वारी येईल, आणि ज्वारी आली तर यंदा ऊसतोडीला जायची वेळ येणार नाही. त्यांची सून वनमाला हिला नुकतेच दिवस गेले होते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाक मुरडतो. म्हणजे मुलगा आदिनाथ गेला की वनमालाही जाणार, पोटुशी असली तरी. परिपत्रकात यासाठी रकाना नव्हता.

सुंदररावांनी आधी वकीलपत्र काढलं. त्यावर पक्षकाराची सही लागते. पक्षकार हजर होता (सावलीत त्रेचाळीस अंश), पण सही करेना. शेवटी सरपंच मोहनराव यांनी हवामानाचे अपाक, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून सही ठोकली. सातबाऱ्यावर पोराटोरांच्या नावापुढे असते तशीच.

सुनावणी मारुतीच्या सभामंडपात झाली. राज्याचे प्रतिनिधी रविराज मोबाइलवर चित्रण करत होते. हे लोकसहभागाचं पथनाट्य आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती घालवण्याइतकं निर्दय कुणी नव्हतं.

"गीताबाई, माझ्या पक्षकारावर तुमचा आरोप काय?" सुंदररावांनी विचारलं.

"कोन पक्षकार?"

"हवामान."

"आरोप न्हाई वो साहेब. बांध फुटलाय, तेवढा बुजवून द्या मनते मी."

"पाऊस पडत नाही, अशी तक्रार आहे की नाही?"

"हाय की. आखाडात पडला न्हाई, सावनात न्हाई."

"आणि भादव्यात?"

"भादव्यात लई पडला."

"म्हणजे पडला!" सुंदरराव मंडपाकडे वळले. "नोंद घ्यावी. उशीर झाला असेल, पण माझा पक्षकार गैरहजर नव्हता."

"आवो, समदा येकाच राती! तळं घेऊन गेला की त्यो."

"त्याच्या वाटेत तळं कुणी बांधलं? माझ्या पक्षकारानं?"

"आमीच बांधलं. रोजगार हमीत. मी सोता टोपली वाहलीत."

"बस्स," सुंदरराव म्हणाले आणि खाली बसले.

ग्रामसभेचा ठराव झाला. हवामान निर्दोष, तळं रस्त्यात आडवं आल्याने अपघात. समस्या सिद्ध न झाल्यामुळे उपायाचे वीस टक्के वकिलीतच वर्ग झाले. बाकी गावांच्या अहवालात 'प्रगतिपथावर' असं असताना आमच्या नावापुढे 'वकिली पूर्ण' असं लागलं आणि बाभूळवस्ती राज्यासाठी आदर्श ठरली. परळीकडच्या एका वकिलानं तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचं वकीलपत्र मिळेल का, म्हणून चौकशी केल्याचंही कानावर आलं.

पुढे पाऊस आला. निर्दोष सुटलेल्या माणसासारखा ताठ मानेनं आला आणि फुटक्या बांधातून सरळ गोदावरीकडे निघून गेला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण या दोन्हींसाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही.

दिवाळी झाली तसा मुकादमाचा ट्रॅक्टर आला. भांडी, सरपण, शेरडू चढलं. गीताबाई आणि त्यांचा नवरा रामकिसन हा एक कोयता, आदिनाथ आणि वनमाला हा दुसरा. वनमालाला सातवा लागला होता. सासऱ्यानं हात दिला, नवऱ्यानं खालून आधार दिला, तेव्हा ती ट्रॉलीत चढली. अंगद निरोपाला आले होते.

"भाऊसाहेब," गीताबाई म्हणाल्या, "हवेला वकील देला. मंग आमाला कावून न्हाई?"

"मावशी, निकालावर आक्षेप घेता येतो की. निकालाची नोटीस आजच लागली, आजपासून महिनाभर मुदत हाय. सोता येऊन द्या, न्हाईतर टपालानं पाठवा."

"उसाच्या फडातून?"

अंगदनी वर विचारायला फोन काढला. ट्रॅक्टर निघून गेला.

धोरणावर मात्र अन्याय होऊ नये. ते राज्यपातळीचं असल्याने हा आक्षेप राज्यातल्या कोणत्याही नागरिकाला घेता येत होता. साधं पोस्टकार्ड चाललं असतं. अट एवढीच, की माणूस दिवाळीनंतर घरी असावा, त्याला लिहिता-वाचता यावं, आणि वनमालाला कितवा महिना आहे हे त्याला ठाऊक असावं. मुदत संपली. एकही पोस्टकार्ड आलं नाही, तुमचंसुद्धा. कार्यालयाने ती आपली संमती समजून आपले आभार मानले आहेत.