वरून बासष्ट मिलिमीटर

लिहिलेलं झाकायला वापरतात त्या पांढऱ्या कागदी चिकटटेपची रुंदी पाच मिलिमीटर असते. विम्याच्या माहितीपत्रकातली ओळ साधारण तीन मिलिमीटर उंच. म्हणजे वर एक आणि खाली एक मिलिमीटर राखून एक ओळ पूर्ण झाकता येते आणि शेजारच्या ओळीला धक्काही लागत नाही. हे मी मोजून सांगते आहे. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे. माझी सही नसलेल्या काट्यावर सोनं सोडाच, बटाटेही तोलू नयेत, अशी माझी ख्याती आहे. तेव्हा घरातलं एक भांडण मी एका दुपारात निकालात काढीन, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

भांडण अकरा महिन्यांचं होतं. अकरा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या डोळ्यात उजेड पाडून सांगितलं होतं, "मोतीबिंदू आहे. काढून टाका." मी म्हणाले, "विचार करून सांगते." तो विचार अजून चालू होता. घरचे म्हणाले, आधी आरोग्य विमा घेऊ, मग ऑपरेशन. मला ही सूचना एकदम पटली. विमा निवडायलाही विचार करावा लागतो.

चाळून चाळून दोन योजना उरल्या. मला आवडलेलीत विम्याची रक्कम दुप्पट होती, फक्त मोतीबिंदूसाठी दोन वर्षं थांबावं लागणार होतं. ह्यांना आवडलेलीत रक्कम निम्मी, पण मोतीबिंदू तीस दिवसांनंतर केव्हाही. ह्यांचं घराखालीच घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या वस्तूबद्दल ह्यांना फार माया आणि चालढकलीबद्दल अजिबात नाही.

"दोन वर्षांत तो पिकून दगड होईल," हे म्हणायचे.

"मोठी रक्कम नको? उद्या काही मोठं दुखणं आलं तर?"

"मोठं दुखणं उद्या येईल. डोळा आज आहे."

"उजव्यानं दिसतंय मला."

"काल तू माझ्या चहात मीठ घातलंस."

"डबे एकसारखे आहेत."

"एक लाल आहे."

अशा बोलण्यातून निष्पन्न काय होणार? शिवाय तीन महिन्यांवर आमच्या कचेरीतली नेत्रतपासणी होती. दाखल्यांवर सही करणाऱ्या प्रत्येकाला भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो. नापास झालेल्याची बदली तळघरातल्या जुन्या फायलींकडे होते. पण तो विषय मी घरी काढत नव्हते आणि स्वतःशीही फारसा काढत नव्हते.

अखेर तारीख आली. दुसऱ्या दिवशी मला छप्पन्न वर्षं पूर्ण होणार होती आणि वाढदिवसानंतर विम्याचे नियम बदलणार होते. त्या दिवशी सहाच्या आत फॉर्म विम्याच्या कचेरीत पोचायला हवा होता. आमच्या विमा एजंट, ज्यांना सगळी आळी विमाताई म्हणते, त्या पाचला येणार होत्या.

मी रजा घेतली आणि जाहीर केलं, "आज भांडायचं नाही. आज चाचणी घ्यायची."

प्रयोगशाळेत आम्ही नमुन्याचं नाव झाकतो. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळलं, की त्याचा हात नकळत कुठल्यातरी बाजूला झुकतो. इथेही तेच करायचं. विमाताईंनी दोन्ही योजना एकाच साच्यातल्या तक्त्यात छापून दिल्या होत्या. त्यांच्या तीन-तीन प्रती काढल्या. तक्त्यातली पहिली ओळ योजनेच्या नावाची. पहिल्या पत्रकावर ती डोळ्यांनी शोधली, वरून मोजली, बासष्ट मिलिमीटर भरली. उरलेल्या पाचांवर फुटपट्टी लावून नेमकी तिथेच टेप मारली. सहाही पट्ट्या एका रेषेत होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. मग कुठला गठ्ठा कुठल्या योजनेचा हे सांगून दोन्ही गठ्ठे ह्यांच्या दुकानातल्या मदतनीस बाईंकडे दिले, माझ्या पाठीमागे एकावर वर्तुळ आणि दुसऱ्यावर चौकोन काढायला सांगितलं, आणि कुठलं चिन्ह कुणाचं ते त्यांच्याकडूनच लिहवून घेऊन पाकिटात बंद केलं. असं पाकीट बंद करताना जे समाधान मिळतं, ते ज्यांनी घेतलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

चार वाजता आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाला तीन बाजूंनी बसलो. मी, हे आणि सासूबाई. सासूबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू कधीच काढून झालेत आणि त्या आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. ओवायची गरज नसली तरी माझ्यासमोर ओवतात.

"आठ मुद्दे आहेत," मी सांगितलं. "प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

सासूबाईंनी पत्रक उचललं. "अगं, पण इथे तर..."

"आई, बोलायचं नाही."

"मी एवढंच म्हणते की हे..."

"चाचणी बाद होईल."

त्यांनी पेन्सिल उचलली. मग ह्यांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं.

"एक शंका."

"शंका नंतर."

"नंतर विचारून उपयोग नाही, म्हणून आत्ता..."

"अहो, सोडवा पेपर."

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घड्याळ उघडल्यावर आत भलतंच काही निघालं, की हे असं बघतात. मग मान हलवून लिहायला लागले.

मीही बसले. वाचायला थोडा त्रास झाला. प्रती फिकट निघाल्या होत्या, त्यात वरच्या बाजूला तर नुसता धुरकट पट्टा होता. ट्यूबलाइटही मंद झालेली. महिन्याभरात तिसरी. पण मी नेटानं सगळे रकाने वाचले. कुठल्या योजनेत घराजवळचं इस्पितळ आहे, कोण बिल लवकर चुकतं करतं, कोण खर्चाचा वाटा आपल्याच गळ्यात घालतं. रकमेतली शून्यं तेवढी एकमेकांत मिसळत होती, तिथे दोघांनाही सारखेच गुण दिले. एक गोष्ट मात्र खटकली. आजारासाठी किती थांबायचं, हे दोन्ही कंपन्यांनी कुठेच छापलं नव्हतं. ग्राहकाला इतकं गृहीत धरायचं म्हणजे हद्द झाली. त्या मुद्द्याला मी दोघांनाही शून्य दिलं आणि लाल पेनानं शेरा मारला, 'अत्यंत निष्काळजी मांडणी.'

बरोबर पाचला निकाल लागला. सासूबाईंनी दोन्ही योजनांना पैकीच्या पैकी दिले होते.

"आई, फरक करायचा असतो."

"कुणाला कमी देऊन वाईट कशाला व्हायचं? दोघीही कष्टानं छापल्यात."

ह्यांनी वर्तुळाला सदतीस दिले, चौकोनाला एकवीस. मी चौकोनाला एकतीस, वर्तुळाला एकोणीस. म्हणजे नाव झाकूनसुद्धा आमचं जमलं नव्हतं. पण मला आनंदच झाला. मतभेद खरा होता, आणि माझी योजना माझ्या निःपक्षपाती नजरेला पुन्हा पसंत पडली होती. इतक्यात विमाताई घामाघूम होऊन आल्या. त्यांची पिशवी त्यांच्या आधी खुर्चीत बसली.

"वहिनी, सही करा, मला सहाच्या आत पोचायचंय."

"आधी पाकीट," मी म्हणाले आणि ते सर्वांसमक्ष फोडलं.

चौकोन ह्यांची योजना होती. वर्तुळ माझी.

मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"म्हणजे तू माझी निवडलीस," हे हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही माझी? सदतीस गुण देऊन? तुम्हाला तर ती डोळ्यांसमोर नको होती."

"ती डोळ्यांसमोरच होती. नाव लिहिलंय की वर."

"कुठे?"

"इथे. राखाडी अक्षरांत. मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंस. मी प्रामाणिक राहतो का ते बघायला."

"मी तेच सांगत होते," सासूबाई म्हणाल्या, "तर म्हणाली चाचणी बाद होईल."

मी पत्रक खिडकीशी नेलं. नाकाजवळ धरलं, मग लांब धरलं, मग उजव्या डोळ्यानं पाहिलं. त्या धुरकट पट्ट्यात अक्षरं होती. नाव, गाव, पत्ता, सगळं होतं. तक्त्यातली पहिली ओळ फिकट राखाडी रंगात छापलेली होती आणि मला दिसलेली पहिली ओळ मुळात दुसरी होती.

"मग मी झाकलं काय?"

उत्तर विमाताईंनी दिलं. त्यांनी एक पत्रक उचललं, नखानं टेप सोलली आणि त्यांचा चेहरा त्या टेपहून पांढरा झाला.

"वहिनी, ही प्रतीक्षा कालावधीची ओळ आहे. नेमकी हीच झाकलीत? सहाही कागदांवर? हे साहेबांनी पाहिलं तर म्हणतील, विमाताई ग्राहकांपासून अटी लपवते. बावीस वर्षांची नोकरी आहे हो माझी."

"त्या नाही, मी झाकली," मी म्हणाले. का कोण जाणे, साहेब खोलीतच उभे असल्यासारखं म्हणाले.

विमाताई भराभर टेपा सोलायला लागल्या. हे त्यांना मदत करायला लागले. हाताला चिकटलेल्या पट्ट्या झटकत म्हणाले, "एक मिलिमीटर इकडची तिकडे नाही बरं का. सहाही अगदी अचूक चुकल्यात."

मी हसले नाही. मी माझ्या गुणपत्रिकेकडे बघत होते. तिथला हिशेब फार सोपा होता. आठ मुद्द्यांपैकी एक मी स्वतःच्या हातानं झाकला होता. उरलेल्या सातांवर ह्यांची योजना मला बारा गुणांनी चांगली वाटली होती. मोठ्या रकमेची शून्यं तर मी धड मोजलीही नव्हती. म्हणजे अकरा महिने मी जिच्यासाठी भांडत होते, तिच्यात मला आवडण्यासारखी एकच ओळ होती. 'मोतीबिंदू: दोन वर्षांनंतर.' ती दिसेनाशी झाली आणि योजना एकोणीसवर आली.

"तुम्ही सदतीस का दिलेत?" मी विचारलं.

हे टेपेची गोळी करत राहिले. "अकरा महिने बोलतोय. म्हटलं, तुला एवढी भीती वाटत असेल तर घे दोन वर्षं. चहा मी करत जाईन."

"भीती कुणी म्हटलं?"

"कुणीच नाही."

"शंभरातली जवळजवळ सगळी ऑपरेशनं नीट होतात. मला माहीत आहे."

"हो ना."

"पण ते 'जवळजवळ' आहे ना, त्यावरच मी एकतीस वर्षं पगार घेतलाय."

सासूबाईंनी मेजावरून माझा लाल पेन उचलला, माझ्या शेऱ्यातला 'निष्काळजी' शब्द मोठ्यानं वाचला आणि पेन माझ्या हातात ठेवला. "मला भूल देतानाच झोप लागली होती," त्या म्हणाल्या. "उठले तर पहिल्यांदा तुझा चेहरा दिसला. बारा वर्षं मी समजत होते, सून गोरी आहे."

विमाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून तेवीस मिनिटं. त्यांनी दोन फॉर्म माझ्यासमोर ठेवले, डावीकडे एक, उजवीकडे एक. "वहिनी, पाया पडते. कुठलाही करा, पण करा."

निकाल आवडला नाही म्हणून चाचणी फेकून द्यायची, हे मी आजवर कुणाला करू दिलेलं नाही. मी उजवीकडचा फॉर्म ओढला आणि ठसठशीत सही केली.

"छान," विमाताई म्हणाल्या. "आता ती फॉर्मवर करा. ही टेबलक्लॉथवर झालीय."

ह्यांनी माझं मनगट धरलं, दोन इंच वर नेलं आणि सोडलं. मी सही केली. मग खुर्चीत मागे टेकले आणि एवढ्या मोठ्यानं बोलले, की खाली दुकानातही ऐकू गेलं असेल.

"तीस दिवस थांबायचं ना? मग एकतिसाव्या दिवशी डावा डोळा करून टाकायचा. सकाळची वेळ घ्या."